दाराशी बसणारी मुलगी



दुपारची भांडी आवरली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज कर्ज, व्याज, परतफेड यातलं काही नाही. आज मी दहावीच्या वर्षाबद्दल बोलणार आहे, पण अभ्यासाबद्दल नव्हे. शाळेत अभ्यासाशिवाय जे चालतं ना, गॅदरिंग, सहल, भाषणं, खेळ, निरोप समारंभ, त्याबद्दल. आणि त्या सगळ्यात दाराशी अंग चोरून बसणारी एक मुलगी असते, तिच्याबद्दल.

हे आत्ताच का आठवलं, ते सांगते. गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "माझी पोरगी दहावीला आहे. अभ्यासात बरी आहे. पण गॅदरिंगचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. जन्मापासूनच लाजाळू आहे ती." बैठक आटोपली, मी गाडीवरून घरी निघाले, पण तो एक शब्द डोक्यातून जाईना. जन्मापासून. माझ्याबद्दलही असंच म्हणायचे.

आमची वाडी माण तालुक्यात. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा वाडीतच होती. आठवीपासून हायस्कूल, ते सात किलोमीटरवरच्या गावात. मुलींना एसटीचा पास मोफत होता, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतला. तो पास नसता तर माझ्यासारख्या कितीजणींची शाळा सातवीलाच सुटली असती. पण पास असला म्हणून गाडी आपल्यासाठी थांबत नाही. शाळा पाचला सुटायची आणि वाडीची शेवटची एसटी साडेपाचला. ती चुकली की सात किलोमीटर चालायचं, तेही अंधारात.

आता सांगा, गॅदरिंगची तालीम कधी असायची? शाळा सुटल्यावर, पाच ते सात. म्हणजे नाचात, नाटकात, लेझमीत गावातल्याच मुली. आम्ही वाडीच्या पाचजणी. आम्हाला सगळे 'एसटीवाल्या' म्हणायचे. बाई विचारायच्या, "कुणाला भाग घ्यायचाय?" आमचा एकीचाही हात वर व्हायचा नाही. एकदा बाई वर्गातच म्हणाल्या, "वाडीच्या मुली फार बुजऱ्या. त्यांना हौसच नाही कसली."

हौस नव्हती? शेरडांमागं जाताना मी आणि माझी मैत्रीण अख्खं नाटक म्हणायचो. मधल्या सुट्टीत कानावर पडलेले संवाद, सहा पात्रांचे, आम्ही दोघींत वाटून घ्यायचो. राजाही मीच आणि दासीही मीच. पण आमची गाडी साडेपाचची आहे, हे बाईंना कुणी सांगितलं नाही. गंमत म्हणजे आम्हालाही ते सांगावं असं सुचलं नाही. बाई म्हणाल्या बुजऱ्या, तर आम्हीही मानलं, की असू आपण बुजऱ्या.

खेळाचंही तसंच. नववीपर्यंत मी खो-खोत पुढं असायची. दहावीत सोडला. पाळी सुरू झाली होती. जवळ काय, तर जुन्या लुगड्याची घडी. आणि शाळेच्या मुतारीच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. सरांनी विचारलं, "खेळायला का येत नाहीस?" मी खाली बघितलं. सर म्हणाले, "दहावीला आल्या की पोरी लाजायला लागतात." पुढं २०१८ साली अस्मिता योजना आली आणि मुलींपर्यंत स्वस्तात पॅड पोचवायचं काम बचत गटांकडे आलं. तेव्हा मी त्या कामामागं एवढी का लागले, असं गटातल्या बायका विचारायच्या. त्यामागं ही न लागणारी कडी होती.

मग सहल. ते २००३ साल होतं. पावसानं पाठ फिरवलेली, आमची जनावरं छावणीत. सहल निघाली रायगड-प्रतापगडला, वर्गणी साडेतीनशे रुपये. मी घरी विचारलंच नाही. वडिलांना नाही म्हणावं लागलं असतं, ते मला बघवलं नसतं. मैत्रिणीनंही विचारलं नाही. सहल जाऊन आली आणि पुढं महिनाभर वर्गात सहलीच्याच गोष्टी चालल्या. कोण कुठं घसरलं, गाडीत कुणाला उलटी झाली. एकीनं नुसतं "टकमक टोक" म्हटलं की सगळा वर्ग हसायचा. आम्ही पण हसायचो, पण जरा उशिरा. का हसायचं ते कळत नव्हतं ना! मैत्रिणींनो, चार माणसांत बसून उशिरा हसायची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आता त्या मैत्रिणीबद्दल सांगते. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. आम्ही एका बाकावर, एका एसटीत, एका डब्यात. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी असली की तिच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. तिची पाठांतराची ताकद अशी की एकदा ऐकलं की संपलं. पण ती माझ्यापेक्षाही कमी बोलायची. वर्गात तिची जागा ठरलेली, दाराजवळचा शेवटचा बाक.

डिसेंबरात मराठीला नवीन बाई आल्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे आपला बालिका दिन. बाई म्हणाल्या, "सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. इथल्या मुलींनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? यंदा वाडीची मुलगी बोलेल." आणि बोट माझ्याकडे. कार्यक्रम सकाळचा, त्यामुळं एसटीचीही अडचण नव्हती.

पंधरा दिवस मी भाषण पाठ केलं. एसटीत मैत्रीण वही धरायची आणि मी म्हणायची. "व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो." मग १८३१ सालचा जन्म, जोतीरावांशी लग्न, घरी शिकणं, आणि मग "१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली." घरी आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आता मलाच येतंय बघ सगळं."

तो दिवस आला. मैदानात सगळी शाळा बसलेली, समोर माईक. आपला आवाज एवढा मोठा होऊन परत आपल्याच कानावर येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जन्म झाला, लग्न झालं. मी म्हणाले, "१८४८ साली पुण्यात..." आणि पुढचं गेलं. पुन्हा म्हणाले, "१८४८ साली पुण्यात..." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू ओळीओळीनं पुढं आलं. दाराशी बसलेली माझी मैत्रीण ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होती. मला दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. हेडसर चांगले, म्हणाले, "छान, बस." मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं. १८४८. हजेरीला, मधल्या सुट्टीत, एसटीच्या थांब्यावर, "ए १८४८!" आज सांगताना मलाही हसू येतंय. तेव्हा मी रात्री गोधडीत तोंड खुपसून रडत होते. एसटीत मैत्रीण एवढंच म्हणाली, "पुढचं वाक्य सोपं होतं गं." आणि अर्धी गुळाची ढेप हातावर ठेवली.

फेब्रुवारीत स्लॅम बुकची टूम आली. आजच्या मुलींना माहीत नसेल. रंगीत छापील वही असायची, काहींना छोटं कुलूपसुद्धा. आवडता रंग, आवडता हिरो, जिवलग मैत्रीण, असं सगळं त्यात एकमेकींनी भरायचं. शाळा सुटणार, आता पांगापांग होणार, म्हणून आठवण. गावातल्या एका मुलीनं तिची वही आमच्या बाकावर आणून दिली. आम्हाला कुणी वही दिली हेच केवढं होतं!

त्यात एक रकाना होता, आवडतं आइस्क्रीम. मैत्रिणीनं आधी भरलं. तिनं लिहिलं, गारेगार. सायकलवर पेटी बांधून यायचं ते, काडीचं. आम्ही दुसरं खाल्लंच कुठं होतं? वही परत गेली. त्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि चौघीपाचजणी हसायला लागल्या. "गारेगार! अगं, गारेगार म्हणजे काय आइस्क्रीम असतं का?" मग तिनं वही माझ्यापुढं धरली. "१८४८, तू काय लिहितेस?"

मैत्रिणींनो, मी त्यांच्याबरोबर हसले. आणि लिहिलं, व्हॅनिला. व्हॅनिला हा शब्द मी त्याच वहीत वरच्या पानावर वाचला होता.

का हसले? आज नीट सांगता येतं. महिनाभर सगळे मला हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा हसण्याचं तोंड दुसरीकडे वळलं. मला सुटल्यासारखं झालं. दुसरीकडे म्हणजे कुणाकडे, ते बघायचं मी टाळलं.

त्यानंतर मी पुढच्या बाकावर बसायला लागले, त्या मुलींच्यात. भांडण झालं नाही, अबोला नाही. फक्त बाक बदलला. निरोप समारंभाचं मला फारसं आठवत नाही. दहावीच्या मुलींनी साड्या नेसायच्या होत्या. मी वहिनीची मोरपंखी नेसले, फोटो काढले, पेढे खाल्ले. एक फोटो अजून आहे माझ्याकडे. मैत्रीण त्यात नाही. का नाही, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. पण त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वय सोळा. कायदा अठराचा होता, पण विचारायला कुणी आलं नाही. मी बारावी केली, मग लग्न, मग मुक्त विद्यापीठातून बीए, मग हे गटांचं काम.

आठ वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका गावी नवा गट बांधायला गेले होते. मारुतीच्या देवळात बैठक. बावीस-तेवीस बायका आणि एक मागं खांबाला टेकून, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी गटाची पंचसूत्री सांगितली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट लिहिलेलं दप्तर. सगळ्यांची नावं लिहिली. खांबाजवळचीनं सासरचं नाव खाली मान घालून सांगितलं, मी लिहून घेतलं. बायका गेल्या. ती तेवढी मागं राहिली, सतरंजीची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली,

"१८४८ साली पुण्यात... पुढचं आठवलं का?"

मी बघतच राहिले. मग देवळाच्या पायरीवर आम्ही तासभर बसलो. मी तिला म्हटलं, "ते गारेगारचं माझ्या मनातून गेलं नाही गं. चुकलं माझं." ती म्हणाली, "कसलं गारेगार?" तिच्या ध्यानातच नव्हतं! मला जरा हलकं वाटलं. मग ती म्हणाली, "पण साडीच्या दिवशी तू मला पिना दिल्या नाहीस. मी साडी पिशवीतनं आणली होती. वर्गात नेसले, पदर राहीना. दोन पिना लागत होत्या. तुझ्या हातात अख्खं पाकीट होतं आणि तू सगळ्यांना लावत होतीस. मी दाराशी उभी होते. मग दुपारच्या गाडीनं घरी गेले."

मला हे आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. ज्याची माफी मागायला मी इतकी वर्षं शब्द जुळवत होते, ते ती विसरली होती. आणि जे तिला लागलं होतं, ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी काय बोलणार? नुसती बसून राहिले.

ती गटात आली. पहिलं वर्षभर खांब सोडला नाही. दुसऱ्या वर्षी एका बैठकीत सचिव कर्जाचा हिशोब वाचत होत्या. पाच हजार रुपये, महिना शेकडा दोन रुपये, तीन महिन्यांचं व्याज दोनशे. खांबाकडून आवाज आला, "तीनशे." एकजण हसून म्हणाली, "अगं बाई, खांब बोलला!" सगळ्या हसायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "हसू नका. हिशोब तपासा." तपासला. तीनशेच होते. एवढं साधं वाक्य, "हसू नका." पण ते मला १४ वर्षं उशिरा सुचलं.

पुढं पदं बदलली तेव्हा ती कोषाध्यक्ष झाली. अजूनही ती भाषण करत नाही. करायलाच पाहिजे असंही नाही. सगळ्यांनी माईक धरला तर ऐकणार कोण? पण हिशोब चुकला की ती बोलते आणि बाकीच्या थांबून ऐकतात.

मग मला सांगा, लाजाळूपणा जन्मापासूनचा असतो का? थोडा असेलही. एखादी मुळातच शांत असते आणि ते वाईट नाही. पण माझा आणि माझ्या मैत्रिणीचा बुजरेपणा बघा कशाकशाचा बनला होता. साडेपाचची एसटी, साडेतीनशे रुपये, नसलेली कडी, एक हसू आणि दोन पिना. यातलं जन्मापासूनचं काय होतं?

आणि हेच आपण गटात करतो का, तेही बघू या. बैठकीची वेळ ठरवताना कुणाला विचारतो? ज्या मोठ्यानं बोलतात त्यांना. मळ्यातून येणारी, धार काढायची राहिलेली बाई मग उशिरा येते, दाराशी बसते आणि तिचं नाव पडतं, 'हिला रस नाही.' एखादी बँकेतला शब्द चुकीचा बोलली, 'विड्रॉल'चं भलतंच काही केलं, की आपण हसतो. ती पुढचे सहा महिने बोलत नाही.

म्हणून माझं सांगणं, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करून बघा. एक, गोल बसा. गोलाला दाराजवळची जागा नसते. दोन, सुरुवातीला प्रत्येकीनं एकेक वाक्य बोलायचं, काहीही. "आमची म्हैस व्याली" एवढंसुद्धा चालेल. जिनं एकदा तोंड उघडलं तिला दुसऱ्यांदा सोपं जातं. तीन, कुणी चुकलं आणि हसू फुटायला लागलं, की अध्यक्षांनी लगेच म्हणायचं, "पुढं बोल."

आता ज्यांच्या मुली यंदा दहावीत आहेत त्यांच्यासाठी. "किती मार्क पडले?" हे तर आपण विचारतोच. एखाद्या दिवशी असंही विचारा, "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलीस? तालीम किती वाजता असते? घरी कशी येशील?" आणि तिच्याबरोबर दुसरी कोण एकटी बसते, तेही विचारा. आपली मुलगी हसणाऱ्यांमध्ये आहे का, हेही कळायला पाहिजे. ते विचारणं जास्त अवघड आहे.

काही गोष्टी घरी सुटत नाहीत, त्या शाळेतच सुटतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात पाऊण हिस्सा पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. त्या जागा आपल्यासाठी आहेत. तिथं जाऊन नुसती सही करून येऊ नका. मुतारीला कडी आहे का, तालीम शेवटच्या गाडीआधी संपते का, एवढं विचारा. हायस्कूलला पालक सभा असते, तिथं विचारा. एकटीला धीर होत नसेल तर गटातल्या चौघी मिळून जा. आमच्या बाईंना कुणी एक आई जरी म्हणाली असती, "बाई, आमच्या पोरींची गाडी साडेपाचची आहे," तर त्यांनी तालीम मधल्या सुट्टीत घेतली असती. त्या वाईट नव्हत्या. त्यांना माहीत नव्हतं.

त्या ताईंना मी परवा फोन केला. त्यांनी लेकीला बसवून विचारलं होतं. पोटदुखीचं कारण निघालं नाचाच्या ड्रेसचं भाडं, चारशे रुपये. मुलीला ते आईला सांगायचं नव्हतं. ताई म्हणाल्या, "मी तिला लाजाळू समजत होते, आणि ती माझी काळजी करत होती."

एवढंच सांगायचं होतं. आज संध्याकाळी तुमच्या घरात, आळीत, गटात दाराशी कोण उभी आहे, तिकडे एकदा बघा. तिला फार मोठं काही लागत नसतं. दोन पिना लागत असतात, आणि पाकीट बहुतेक आपल्याच हातात असतं.